उसनी वाटी

प्रश्न: ताई, माझं वय 61. दोन वर्षांपूर्वी हे गेले. मुलगी पुण्याला असते. पेन्शन आहे, मानेवाड्याला स्वतःचा फ्लॅट आहे, कोणाचं पैचं देणं नाही. मुलीनं एक वही दिली आणि रोज झोपताना आभार मानण्यासारख्या पाच गोष्टी लिहायला सांगितलं. सव्वा महिना लिहिलं. तेच ते येतं: नळ आला, गुडघा कमी दुखला. वाटत मात्र काहीच नाही. मे महिन्यात रात्री कूलरचा पंप बंद पडला. शेजारी जागे होते, तरी मी मगानं ताट्यांवर पाणी टाकत बसले, कोणाला त्रास नको म्हणून. मी इतकी कोरडी कशी झाले?

उत्तर: आधी वहीचं बोलू. रोज लिहिणं बंद करा. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग 2003 मध्ये छापून आला, आणि अशा वह्यांचं पीकच आलं. पण त्यांच्या पहिल्या प्रयोगात माणसं आठवड्यातून एकदाच लिहीत होती. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांनाही पुढे आढळलं, की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना बरं वाटलं, तीनदा लिहिणाऱ्यांना तसा फरक पडला नाही. तुमचं तर रोजचं हजेरीपुस्तक झालंय. मुलगी रागावली तर माझं नाव सांगा.

आता तो पंप. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत, नागपुरात, रात्रभर मगानं पाणी! वाचून मला आधी रागच आला, खरं सांगते. भिंतीपलीकडे माणसं जागी होती, आणि बहुतेक त्यांच्याकडे जुना पंपही पडलेला असेल; आपल्याकडे कोणाच्या माळ्यावर नसतो? कोणाचं देणं नाही, हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय आणि आभार वाटत नाहीत, हे दुःखानं. मला दोन्ही वाक्यं एकच वाटतात. कोणाकडून काही घेतलंच नाही तर आभार मानायचे कोणाचे? नळाचे?

माझा हात मोडला होता तेव्हा शेजारच्या काकूंनी सव्वा महिना माझी वेणी घातली. बाई काही गोड बोलणाऱ्या नव्हेत. रोज केस ओढून वर सांगायच्या, किती पिकले ते. मला फार अवघड व्हायचं. पण आजही त्यांच्या दारावरून जाताना मी उगाच थांबते.

दुसरं म्हणजे, नवऱ्याला तुम्ही ‘हे गेले’ एवढ्यातच आटोपलंत. नुकतीच पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक, निघाली. 1880 च्या दशकापासून हे शहर वर्षातून एकदा रस्त्यावर येऊन ओरडतं, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ महागाई, भ्रष्टाचार, जे जे छळतं त्याचे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात. त्या गर्दीत कोणी म्हणत नाही की बाबा रे, रस्ता तरी आहे ना, त्याचं समाधान मान. तुम्हीही वही उलटी धरा आणि मागच्या पानापासून कुरकूर लिहा. मुलगी फोनवर घाईत असते. चहा अजून दोन कपांचाच होतो. ते माझ्याआधी गेले, हे मला पटलेलं नाही. असं सगळं. शब्द जपू नका, ते पान कोणी वाचणार नाही.

झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून जास्त उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र वही राहू द्या आणि डॉक्टरांना भेटा. 14416 हा टेली मानसचा सरकारी नंबरही आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत.

आणि या आठवड्यात एक काम करा. शेजारी जाऊन विरजण मागा. घरात दही असलं तरी मागा. मागायला याहून सोपं काही नाही. देणाऱ्याचं कमी होत नाही, वर दोन मिनिटं दारात बोलणं होतं. तुमचा स्वभाव मी ओळखून आहे. त्याच संध्याकाळी वाटी घासून, लाडू भरून नेऊन द्याल आणि हिशेब मिटवून मोकळ्या व्हाल. तसं करू नका. वाटी तुमच्याच ओट्यावर राहू द्या. त्यांचा पोट्टा मागायला आला की मग द्या.