दिनो झॉफ चाळिशीपर्यंत कसा टिकला, आणि 1978 चे गोल खरंच त्याच्या माथी मारायचे का?

प्रश्न दोन आहेत. फारशा उड्या न मारणारा, दिसायला अगदी साधा वाटणारा इटलीचा फुटबॉल गोलकीपर झॉफ चाळिसाव्या वर्षी विश्वचषक जिंकेपर्यंत टिकला कसा? आणि 1978 च्या विश्वचषकात त्याने लांबून जे गोल खाल्ले ते बघता त्याला एवढं मोठं का मानायचं? माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकच आहे. झॉफची सगळी मेहनत चेंडू मारला जाण्याआधी योग्य जागेवर उभं राहण्यात खर्च व्हायची. त्यामुळे त्याला झेप घ्यावी लागायची ती कमी, आणि शरीराची झीजही कमी. पण याच पद्धतीची एक मर्यादा होती, आणि ती 1978 मध्ये उघडी पडली.

सुरुवातीची वर्षं थोडक्यात सांगतो. जन्म 28 फेब्रुवारी 1942, इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातल्या फ्रिउली भागातलं मारियानो देल फ्रिउली हे गाव. चौदाव्या वर्षी युव्हेंटस आणि इंटर या दोन्ही क्लबांनी उंची कमी म्हणून परत पाठवलं. मग आजीने रोज आठ अंडी खायला घातली आणि तो वाढला, ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. अंडी खाल्ली असतील, पण ते वयच वाढीचं होतं. शेवटी उंची 1.82 मीटरवर थांबली. आजच्या मानाने गोलकीपरला ही कमीच म्हणायची. 24 सप्टेंबर 1961 ला उदिनेझे क्लबकडून सेरी आ (इटलीची सर्वांत वरची श्रेणी) मधला पहिला सामना, फिओरेंतिनाविरुद्ध, आणि त्यात 5-2 असा पराभव. त्या हंगामात वरच्या श्रेणीत त्याला चारच सामने मिळाले आणि संघ खालच्या श्रेणीत घसरला.

1963 मध्ये तो मांतोव्हाला गेला. छोटा क्लब, सतत मारा सोसणारा बचाव, म्हणजे गोलकीपरला शिकण्यासाठी उत्तम जागा. इथला एक सामना मुद्दाम लक्षात ठेवा: 1 जून 1967, हंगामाचा शेवटचा दिवस, मांतोव्हा विरुद्ध इंटर. युरोपात दबदबा असलेल्या त्या इंटरला विजेतेपदासाठी हा सामना हवा होता. मांतोव्हाच्या दी जाकोमोने बाजूने मारलेला एक साधा चेंडू इंटरचा अनुभवी गोलकीपर जुलिआनो सार्ती याच्या हातून निसटला, मांतोव्हा 1-0 ने जिंकला आणि विजेतेपद युव्हेंटसकडे गेलं. दुसऱ्या टोकाला गोलमध्ये झॉफ उभा होता. सार्ती त्या काळातला फार चांगला गोलकीपर, पण लोकांना आजही तो एकच चेंडू आठवतो. या धंद्यात शंभर अवघड बचाव एका सोप्या चुकीची भरपाई करत नाहीत.

आता मूळ मुद्दा, उभं राहायची जागा. गोलची रुंदी 7.32 मीटर आणि उंची 2.44 मीटर. समजा चेंडू गोलसमोर बरोबर मध्ये 16 मीटरवर आहे. गोलकीपर रेषेपासून 1 मीटर पुढे असेल तर त्याला त्या जागी सुमारे 6.86 मीटर रुंदी सांभाळावी लागते. तो 4 मीटर पुढे आला तर तीच रुंदी 5.49 मीटरवर येते, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ दीड मीटर वाचतो. हा दीड मीटर म्हणजेच ती देखणी झेप, जी आता घ्यावी लागत नाही. मात्र पुढे येण्याची किंमतही आहे. डोक्यावरून चेंडू उचलून टाकला जाऊ शकतो, आणि प्रतिक्रियेचा वेळ घटतो. म्हणून पुढे येणं हे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायापासून किंचित सुटलेला असतानाच करायचं असतं आणि तो फटका मारायला पाय मागे नेतो त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर थांबलेले हवेत. चालत्या पायावर फटका आला की शरीर एकाच दिशेला जाऊ शकतं. झॉफचं थांबणं वेळेवर व्हायचं. त्याचे बरेचसे बचाव छातीसमोर, दोन्ही हातांत, आवाज न होता संपायचे आणि बघणाऱ्याला वाटायचं की फटकाच सरळ गोलकीपरकडे मारला.

शिकणाऱ्या मुलांसाठी हे दोरीने दाखवता येतं. दोन्ही खांबांना एकेक दोरी बांधायची, दोन्हींची टोकं चेंडूपाशी आणायची, आणि गोलकीपरने त्या त्रिकोणाच्या मधोमध उभं राहायचं. चेंडू दोन मीटर डावीकडे सरकवला की मुलं हमखास दोन मीटर सरकतात. बघितलं तर अर्धं पाऊलही पुरेसं असतं, कारण त्रिकोण गोलच्या बाजूला फारसा हलत नाही. जास्त सरकलं की लांबचा खांब उघडा पडतो, आणि मग तिथे पोचायला उडी मारावी लागते. नवशिक्यांच्या निम्म्या उड्या या अशा आपणच ओढवून घेतलेल्या असतात.

दुसरी गोष्ट चेंडू पकडण्याची. आजचे गोलकीपर चेंडू ढकलून बाजूला काढतात, कारण चेंडू हवेत वळतो आणि वेग जास्त आहे. झॉफच्या काळात चेंडू चामड्याचा, पावसात जड होणारा, आणि हातमोजे आजच्यासारखे चिकट नव्हते. तरीही तो शक्यतो पकडायचाच. पकडलेल्या चेंडूवर कॉर्नर जात नाही, सुटलेल्या चेंडूवर कोणी धावून येत नाही. शिवाय 1992 पर्यंत आपल्याच बचावपटूने पायाने मागे दिलेला चेंडू हातात घेता यायचा. युव्हेंटस आणि इटली, दोन्हीकडे त्याच्यासमोर बराच काळ गाएतानो शिरेआ लिबेरो म्हणून खेळला. बचावफळीच्या मागे राहून सुटलेले चेंडू टिपणारा हा खेळाडू अडचणीत आला की चेंडू सरळ झॉफच्या हातात द्यायचा. या दोघांच्या समजुतीमुळे गोलसमोरच्या कित्येक धोक्यांचं फटक्यात रूपांतरच झालं नाही. ही सोय आज नाही, म्हणून झॉफची आजच्या गोलकीपरशी पायांच्या कौशल्यावर तुलना करणं मला पटत नाही.

आकडे. सेरी आ मध्ये एकूण 570 सामने: उदिनेझे 4, मांतोव्हा 93, नापोली 143, युव्हेंटस 330. यातला 330 हा आकडा नीट बघा. तेव्हा श्रेणीत 16 संघ होते, म्हणजे हंगामाला 30 सामने. 1972 ते 1983 हे युव्हेंटसमधले अकरा हंगाम. अकरा गुणिले तीस. एकही सामना चुकला नाही. वयाच्या तिशीपासून एक्केचाळिशीपर्यंत ना दुखापतीने बाहेर, ना निलंबन, ना वगळणं. नापोलीचे शेवटचे दोन धरले तर सलग 332. त्याच्या मागे बाकावर बसणाऱ्यांचे हाल काय झाले असतील याचा अंदाज जानकार्लो अलेस्सांद्रेल्लीवरून येतो. 1978-79 च्या शेवटच्या सामन्यात अव्हेल्लिनोविरुद्ध युव्हेंटस 3-0 ने पुढे होता, म्हणून त्याला उत्तरार्धात झॉफच्या जागी उतरवलं आणि सामना 3-3 असा सुटला. युव्हेंटसकडून श्रेणीत तो एवढाच खेळला. महिनोन्‌महिने सामना न खेळलेल्या गोलकीपरची नजर आणि अंतराचा अंदाज बिघडतो, त्यात त्याचा दोष काढता येत नाही.

राष्ट्रीय संघातला प्रवास इतका सरळ नव्हता. 20 एप्रिल 1968 ला नेपल्समध्ये बल्गेरियाविरुद्ध पदार्पण, 2-0 विजय, आणि दोन महिन्यांच्या आत युरोपचं अजिंक्यपद. उपांत्य सामना सोव्हिएत संघाशी 0-0, निकाल नाणेफेकीवर. अंतिम सामना युगोस्लाव्हियाशी 1-1, दोन दिवसांनी पुन्हा खेळून 2-0. तरी 1970 च्या विश्वचषकात तो बाकावरच होता, कारण एन्रिको आल्बेर्तोसीच्या काल्यारीने त्या हंगामात 30 सामन्यांत फक्त 11 गोल खाऊन विजेतेपद मिळवलं होतं. त्या निवडीत मला काही चूक दिसत नाही.

मग सप्टेंबर 1972 ते जून 1974, सलग 1142 मिनिटं इटलीच्या गोलमध्ये झॉफने चेंडू जाऊ दिला नाही. समोर दुबळे संघ होते असं कोणी म्हणालं तर यादी दाखवा: ब्राझील, दोनदा इंग्लंड (त्यातला एक सामना वेम्ब्लीवर), पश्चिम जर्मनी. ही मालिका 15 जून 1974 ला म्युनिकमध्ये हैतीच्या इमान्युएल सानोंने मोडली. उत्तरार्ध नुकताच सुरू झालेला, मध्यातून लांब पास, बचावपटू स्पिनोझी वेगात मागे पडला, झॉफ पुढे आला आणि सानोंने त्याला वळसा घालून रिकाम्या गोलमध्ये चेंडू टाकला. जागा धरून खेळणाऱ्या गोलकीपरला एकट्याने धावत आलेला वेगवान खेळाडू अवघड जातो, कारण तिथे कोन आवळूनही वळसा घालायला वाट राहते. इटलीने तो सामना 3-1 ने जिंकला, पण पहिल्या फेरीतच बाहेर पडली.

आता 1978 चा विश्वचषक. नेदरलँड्सविरुद्ध ब्रांट्स आणि हान, तिसऱ्या जागेच्या सामन्यात ब्राझीलचे नेलिन्यो आणि दिर्सेऊ, असे चार गोल दोन सामन्यांत पेनल्टी क्षेत्राबाहेरून. इटली दोन्ही सामने 2-1 ने हरली. झॉफ 36 वर्षांचा, आणि वर्तमानपत्रांनी त्याची नजर गेली असं लिहायला सुरुवात केली. वर दिलेलं गणित इथे लावून बघा. चेंडू 30 मीटरवर असेल तर दोन मीटर पुढे येऊनही सांभाळायची रुंदी 7.32 वरून 6.83 वरच येते. म्हणजे झॉफचं मुख्य हत्यार इथे बोथट. लांबच्या फटक्याला वेळ मिळतो, सेकंदाच्या आसपास. पण तो वेळ चेंडू लवकर दिसला तरच उपयोगाचा, आणि शेवटी लागते ती ताकदीची लांब झेप. हानचा फटका खांबाला लागून आत गेला. नेलिन्योचा चेंडू उजव्या बाजूने निघाला आणि बाहेरून आत असा वळला की कुठलाच गोलकीपर त्या क्षणी दुसरीकडे पोचला असता असं मला वाटत नाही. माझा निवाडा असा: नेलिन्योचा गोल पूर्ण माफ. हानच्या गोलला झॉफ हलायला उशीर झाला, तो त्याचाच. बाकी दोन मधल्या फळीचे, कारण फटका मारणाऱ्यांना मोकळं सोडलं होतं. प्रशिक्षक एन्झो बेआर्झोत, तोही फ्रिउलीचाच, त्याने झॉफला काढलं नाही.

1982 च्या विश्वचषकात इटलीचा संघ स्पेनमध्ये तीन बरोबऱ्यांनी सुरू झाला आणि टीका इतकी झाली की खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. बोलायची जबाबदारी कर्णधारावर आली, म्हणजे संघातल्या सगळ्यात अबोल माणसावर. स्पर्धेत झॉफ निर्दोष नव्हता. अर्जेंटिनाविरुद्ध इटलीची भिंत, म्हणजे फ्री किकसमोर उभी राहणारी बचावपटूंची रांग, लागत असतानाच पासारेल्लाने फ्री किक मारून गोल केला. भिंत लावताना गोलकीपर एका खांबाशी जातो आणि उरलेला गोल तेवढ्यापुरता मोकळा राहतो, हा धोका आजही तसाच आहे. ब्राझीलविरुद्ध सोक्रातेसने झॉफ आणि जवळचा खांब यांच्यामधून चेंडू घातला. जवळचा खांब गोलकीपरचा असतो, त्यामुळे हा गोल त्याच्या खात्यावर.

पण त्याच सामन्यात, 5 जुलै, बार्सिलोनाचं सारिया मैदान, इटली 3-2 ने पुढे, दोनेक मिनिटं उरलेली. बरोबरी झाली असती तर गोलफरकावर ब्राझील पुढे जाणार होता. डावीकडून एदेरची फ्री किक, ओस्कारचा जवळून जोरदार हेडर. झॉफ चेंडूवर पोचला आणि त्याने तो गोलरेषेवरच दोन्ही हातांनी जमिनीत दाबून धरला. एरवी गोलकीपर पकडलेला चेंडू छातीशी ओढून अंग त्याभोवती गुंडाळतो. इथे तसं करताना चेंडू तसूभर मागे गेला असता तरी गोल होता. तो हलला नाही. ब्राझीलचे खेळाडू हात वर करून गोल मागत होते, रेफरी अब्राहम क्लाइन यांनी तो दिला नाही. सहा दिवसांनी, 11 जुलैला माद्रिदमध्ये पश्चिम जर्मनीला 3-1 ने हरवून झॉफने चषक उचलला. वय 40 वर्षं 4 महिने 13 दिवस. विश्वचषक जिंकणारा सर्वांत वयस्क खेळाडू आजही तोच. सात सामन्यांत सहा गोल खाल्ले.

शेवटही त्या जुन्या दुखण्यानेच झाला. 25 मे 1983, अथेन्स, युरोपियन कपचा अंतिम सामना, हाम्बुर्गच्या मागाथने नवव्या मिनिटाला क्षेत्राबाहेरून मारलेला फटका, 1-0. चारच दिवसांनी स्वीडनविरुद्ध 112 वा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना, तोही पराभव.

विक्रमांबद्दल एक गोंधळ नेहमी होतो. 2021 मध्ये इटलीने 1168 मिनिटं गोल न खाता काढली, म्हणून झॉफचा 1142 चा विक्रम मोडला असं लिहिलं जातं. ती 1168 मिनिटं संघाची आहेत, त्यात एकापेक्षा जास्त गोलकीपर होते. एका गोलकीपरचा आकडा झॉफचाच राहिला. युव्हेंटसकडून 1972-73 मध्ये काढलेली सलग 903 मिनिटं मात्र खरोखर मागे पडली, आधी सेबास्तिआनो रोस्सी (929) आणि मग बुफॉन (974).

जुनी चित्रणं बघणार असाल तर सारियाचा सामना पूर्ण बघा, नुसते गोल नाही. ब्राझीलकडे चेंडू असताना झॉफच्या पायांकडे लक्ष द्या. जिथे चित्रात तो दिसतो तिथे चेंडू बाजू बदलतो तेव्हा तो किती कमी सरकतो, आणि फटक्याआधी पाय केव्हा थांबतात, एवढं दोनदा बघितलं तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर समोर दिसेल.