नवीन सिम घेतलं की मोबाईलवर आपली ओळख लपते का?

नाही लपत. तुम्ही लिहिलंय की नवा नंबर फक्त घरच्यांना दिलाय, कुठे नाव टाकलेलं नाही, आता आणखी काय करायला हवं? मी अगदी हेच केलं होतं, म्हणून लिहायला बसले.

जुन्या नंबरवर एक माणूस चार महिने रात्री-अपरात्री फोन करायचा. ब्लॉक केलं की दुसऱ्या नंबरवरून. शेवटी मी नंबर बदलला आणि नवा मोजून सहा जणांना दिला. प्रोफाइलला फोटो नाही, नावाच्या जागी नुसतं एक टिंब. दोन महिने सुखात गेले. मग जुनं कपाट विकायला काढलं, जाहिरातीत नाव न देता हा नंबर टाकला. एक मिस्ड कॉल दिसला म्हणून उलट फोन केला, तर पलीकडून आवाज आला, "बोला चिमीताई."

माझे हातपाय गार पडले. मला चिमी म्हणणारा जगात एकच माणूस आहे, माझा थोरला भाऊ. पलीकडचे गृहस्थ सरळ होते बिचारे. म्हणाले, "स्क्रीनवर 'चिमी नवा नंबर' असं येतंय." दादाने माझा नंबर याच नावाने सेव्ह केला होता, आणि अनोळखी फोन कुणाचा ते सांगणारं एक ॲप त्याच्या मोबाईलमध्ये होतं. ॲप फुकटचं. त्याच्या बदल्यात दादाची अख्खी कॉन्टॅक्ट लिस्ट गेली होती, आणि तिच्यासोबत मीही.

जाब विचारला तर म्हणे, "तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय एवढं?" हाच माणूस स्वतःच्या पगाराचा आकडा मेव्हण्यासमोर सांगत नाही! तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आता देते. माझ्याकडे काय आहे हा मुद्दाच नव्हता. नंबर माझा होता आणि 'परवानगी द्या' दाबणारा अंगठा त्याचा. तुमचा नंबर ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये आहे, त्यांच्यातला जो सगळ्यात निष्काळजी, तेवढीच तुमची गुप्तता.

दादाने ॲप काढलं, पण नाव त्यांच्याकडे राहिलंच. ते काढायला मला त्यांच्या साइटवर जाऊन, ओटीपी टाकून, हा नंबर माझाच आहे हे आधी सिद्ध करावं लागलं. दादाच्या फोनमध्ये मी आता 'प्लंबर' आहे.

तुमच्या सिमचं म्हणाल तर ते जुन्याच हँडसेटमध्ये घातलं असणार. मग मोबाईल कंपनीला तोच १५ आकडी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. हँडसेटही बदललात, तरी रात्री झोपता तिथला टॉवर आणि दिवसा काम करता तिथला टॉवर तेच राहतात. जीपीएस बंद करून त्यात फरक पडत नाही. २०१३ साली संशोधकांनी १५ लाख लोकांच्या, नावं काढून टाकलेल्या मोबाईल नोंदी तपासल्या. माणूस कधी कुठे होता याचे नुसते चार ठिपके हाती असले, तरी ९५ टक्के लोक त्या गर्दीतून वेगळे ओळखता येत होते.

फोटोंचंही तेच. २०१२ साली अँटिव्हायरसवाला जॉन मॅकॅफी पोलिसांना चुकवत फिरत होता. सोबतच्या पत्रकारांनी त्याचा फोटो प्रसिद्ध केला आणि फोटोच्या फाइलमधल्या जीपीएस आकड्यांवरून तो ग्वाटेमालात असल्याचं उघड झालं. तो फोटो त्याने काढलाच नव्हता. दादा, वाचतोयस ना?

सेटिंगमध्ये जाऊन कॉन्टॅक्ट, लोकेशन आणि मायक्रोफोनच्या परवानग्या आधी बघा. टॉर्चला तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट कशाला हवी? आयफोनवर आयओएस १८ पासून एखाद्या ॲपला निवडक कॉन्टॅक्टच दाखवता येतात. हे दादासारख्यांना स्वतः बसून करून द्या. जाहिरातवाले तुमचा फोन ज्यावरून ओळखतात तो जाहिरात आयडी अँड्रॉइड १२ पासून पुसता येतो, तो पुसा. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो मोडच्या भरवशावर राहू नका, त्याने फक्त तुमच्या फोनमध्ये हिस्टरी उरत नाही. सिग्नल या मेसेजिंग ॲपवर २०२४ पासून समोरच्याला नंबर न देता युजरनेमवर बोलता येतं, खातं उघडायला मात्र नंबर लागतोच.

हे आधीच सांगायला हवं होतं: वरचं सगळं जाहिरातवाले आणि आगाऊ लोक यांच्यापुरतंच आहे. मोबाईल कंपनी, किंवा तिच्याकडून नोंदी मागवू शकणारं सरकार, यांच्यापासून लपायला यातलं काही पुरत नाही. आणि तुमच्यावर नजर ठेवणारं माणूस घरातलंच असेल, तुमचा फोन त्याच्या हातात पडत असेल, तर या सेटिंगना आत्ता हात लावू नका. बदल केलेला त्याला लगेच कळेल. आधी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून मदत मागा.