चेअरमन ओळखीतले, व्याज साडेबारा टक्के: ठेव ठेवावी का?

तुमचा प्रश्न असा, की वडील नुकतेच निवृत्त झालेत, फंडाचे पैसे तालुक्याच्या एका मल्टिस्टेट (म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणाऱ्या) पतसंस्थेत ठेवायचं म्हणतायत, चेअरमन ओळखीतले आणि 'देवमाणूस' आहेत; तर अशा ठिकाणची फसवणूक आधी ओळखता येते का? येते, पण चेअरमनकडे बघून नाही. पतसंस्था आणि नागरी बँकांचं लेखापरीक्षण करण्यात माझी उभी नोकरी गेली. ज्यांनी ठेवी खाल्ल्या त्यातले बहुतेक गावाच्या लेखी देवमाणूसच होते. सप्ताहाच्या पंगतीचा खर्च त्यांचा, शाळेच्या कमानीवर नाव त्यांचं. गुंडाच्या हातात कोण फंड देतो?

तेव्हा माणूस कसा आहे हा विषयच बाजूला ठेवा. वडिलांना दोनच गोष्टी विचारायला सांगा. हा पैसा तुम्ही कोणत्या कायद्याखाली घेताय? आणि घेऊन पुढे कोणाला देताय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पावतीवरच छापलेलं असतं, फक्त कोणी वाचत नाही. साधी पतसंस्था १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असते, तिच्यावर देखरेख सहकार खात्याच्या निबंधकांची. मल्टिस्टेट २००२च्या केंद्राच्या कायद्याखाली, तिचे निबंधक दिल्लीत. दोन्हींवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नाही. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून माणशी ५ लाखांपर्यंत मिळतात, मुद्दल आणि व्याज धरून. फेब्रुवारी २०२०च्या आधी ही मर्यादा १ लाख होती. हे संरक्षण नागरी सहकारी बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. मल्टिस्टेटवाले पाटीवर 'अर्बन' लिहितात, आत काचेचे काउंटर, टोकनचं मशीन, एटीएमसारखं कार्ड, आणि बघणाऱ्याला वाटतं बँकच आहे. अशा संस्थांना नावात 'बँक' लावायची मुभा नाही, रिझर्व्ह बँकेने २०२१मध्ये जाहीरपणे बजावलंसुद्धा आहे. तरी माणसं बोलताना "बँकेत ठेवलेत" असंच म्हणतात.

अजून एक कागद बघा. ठेव ठेवताना सह्या घेतात त्या गठ्ठ्यात बहुधा 'नाममात्र सभासद' होण्याचा अर्ज असतो, कारण संस्थेने पैसे घ्यायचे ते सभासदांकडून. नाममात्र सभासदाला मतदानाचा अधिकार नाही. म्हणजे पैसे तुमचे, आणि संचालक निवडताना तुम्ही बाहेर.

आता साडेबारा टक्के. पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना एप्रिल २०२३पासून ८.२ टक्के देते, ३० लाखांपर्यंत, सरकारच्या हमीवर. तुमची संस्था त्याच्यावर चार टक्के जास्त देणार, एजंटाचं कमिशन देणार, दहा शाखांचं भाडं आणि पगार भरणार. हे सगळं भागवायचं तर कर्ज सोळा-सतराच्या खाली देऊन चालत नाही. सतरा टक्क्यांनी कर्ज कोण घेतं? ज्याला बँकेने दारात उभं केलं नाही तो. किंवा ज्याला ते फेडायचंच नाही तो.

इथे दुसरा प्रश्न येतो, पैसा पुढे कोणाला देताय हा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक ही तर रीतसर बँक होती, रिझर्व्ह बँकेच्या नजरेखालची. सप्टेंबर २०१९मध्ये निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढता येत होते. आतला प्रकार असा, की कर्जांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेली. ती झाकायला २१,०४९ बोगस कर्जखाती दाखवली गेली, आणि ती बँकेच्या मूळ संगणक प्रणालीत नव्हतीच, तपासणीसाठी दिलेल्या यादीत तेवढी होती. पाच लाखांच्या वर ठेवी असणाऱ्यांना, २०२२मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाल्यावर, उरलेल्या पैशांसाठी दहा वर्षांपर्यंतचे हप्ते बांधून मिळाले. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्येही, संस्थेच्या अध्यक्षांच्याच उद्योगसमूहाकडे ठेवींचा पैसा वळवला गेला असा ईडीचा आरोप आहे. नावं वेगळी, वाट एकच: पुष्कळांकडून घ्यायचं आणि एका घरात द्यायचं.

हे फायलीत कसं दिसतं ते सांगतो. एका संस्थेत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वाटलेली कर्जप्रकरणं मी समोर घेऊन बसलो होतो. अर्जदार पंधरा-वीस, आडनावं निरनिराळी, पण अर्ज एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईने. जामीनदार आलटून पालटून तेच. तारण म्हणून जोडलेले सातबारे उघडले तर एकच गट नंबर चार प्रकरणांना लावलेला, आणि 'इतर हक्क'च्या रकान्यात संस्थेचा बोजाच चढवलेला नाही. वाटपाची रक्कम त्याच दिवशी, रोख खिडकीवर न येता, नावे-जमा करून जुन्या थकित खात्यात गेलेली. नवं कर्ज काढून जुनं भरायचं, म्हणजे ३१ मार्चला थकबाकी कमी. मॅनेजर म्हणाले, "साहेब, शेतकरी निरक्षर आहेत, आमचा क्लार्क अर्ज भरून देतो." सह्या मात्र झोकदार इंग्रजीत होत्या.

या फायली ठेवीदाराला कोणी दाखवणार नाही. पण वार्षिक सभेचा छापील अहवाल मागता येतो, आणि तो द्यायला खळखळ करणारी संस्था तिथेच सोडून द्यावी. अहवालातले चेअरमनचे फोटो ओलांडून थेट ताळेबंदावर जा. मालमत्तेच्या बाजूला 'येणे व्याज' असा आकडा असतो. म्हणजे कर्जदारांनी अजून न दिलेलं, पण हिशेबात आलेलं व्याज. गेल्या वर्षीचा आकडा शेजारीच छापलेला असतो. कर्जं वाढली दहा टक्के आणि येणे व्याज झालं दुप्पट, तर समजा की नफा कागदावर आहे आणि लाभांश नव्या ठेवींतून वाटला जातोय. मग संचालक व त्यांच्या नातेवाइकांच्या कर्जाचा तक्ता बघा. मग 'शाखा देणे-घेणे', म्हणजे शाखाशाखांमधला आपसातला हिशेब. हा आकडा दरवर्षी फुगत असेल तर तिथे काहीतरी लपवलेलं असण्याची शक्यता मोठी. ऑडिट वर्ग 'अ', म्हणजे लेखापरीक्षकाने दिलेली सगळ्यात वरची श्रेणी, आहे म्हणून गप्प बसू नका. (आमच्याच धंद्याबद्दल बोलतोय, पण त्या 'अ'वर मी स्वतः ठेव ठेवणार नाही.)

रोकडीचंही तेच. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत फेब्रुवारी २०२५मध्ये प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांतून १२२ कोटी गायब असल्याचं उघड झालं. वहीत होते, तिजोरीत नव्हते. त्यात नवल वाटू नये. शाखेत रोकड मोजायची म्हटलं की मॅनेजर आधी चहा मागवतो, मग चावीवाला रजेवर निघतो.

दादरच्या टोरेस या दागिन्यांच्या कंपनीबद्दल लिहायला नको, पण लोक विचारतात. मोइसानाइटचे (हिऱ्यासारखे दिसणारे) खडे घ्या आणि आठवड्याला सहा टक्के मिळवा, अशी ती योजना. आठवड्याला सहा म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर. जानेवारी २०२५मध्ये शटर पडलं. सुरुवातीचे हप्ते वेळेवर मिळाले होते, हीच तर त्या खेळाची जाहिरात. शेजाऱ्याला मिळाले हा पुरावा म्हणून धरू नका.

वडिलांनी काही रक्कम आधीच ठेवली असेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटतंय, तर त्यांच्याशी वाद घालू नका. एक छोटी ठेव मुदतीआधी मोडायला पाठवा, घरात कारण आहे म्हणून. व्याज थोडं कापून दोन-चार दिवसांत पैसे बँक खात्यात आले तर ठीक. "साहेब आले की बघू", "पुढच्या महिन्यात घ्या", "अर्धा टक्का वाढवून देतो, रिन्यू करा" असं सुरू झालं, की बाकीच्या ठेवींचाही अर्ज त्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या. रिन्यूच्या नावाखाली मूळ पावती परत मागतात, ती पाठपोट झेरॉक्स काढल्याशिवाय देऊ नका.

पैसे अडकलेच तर थांबू नका. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्या आणि ती ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या १९९९च्या राज्य कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली, घ्या असा आग्रह धरा. त्यात मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटता येते. वर्षं लागतात, पण यादीत नाव नसेल तर वाटपाच्या वेळी काहीच हाती येत नाही. मल्टिस्टेट असेल तर केंद्रीय निबंधकांना आणि २०२३च्या दुरुस्तीने आलेल्या सहकार लोकपालांनाही लिहा. आणि बुडालेल्या ठेवी काढून देतो, दहा टक्के आगाऊ द्या, म्हणत कोणी फोन करेल. ठेवीदारांच्या याद्या फिरतात, त्यामुळे त्याला पावतीचा नंबरसुद्धा पाठ असेल. त्याला एक पैसा देऊ नका, नंबर टिपून त्याच तक्रारीला जोडा.