प्रवासलेखांचं पुस्तक होताना : वाचकांचे प्रश्न

माणसं आणि ठिकाणं यांवर वर्षानुवर्षं लिहिलेले लेख पुस्तकात आणू पाहणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यांतले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्र. एका दैनिकातलं सदर आणि काही दिवाळी अंक मिळून माझे ४० प्रवासलेख झालेत. शब्द सत्तर हजारांच्या घरात. सगळे घ्यावेत का? क्रम तारखांनुसार लावू की प्रांतांनुसार? (सांगली)

सगळे नकोत. डेमी आकाराच्या (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) पानावर १३-१४ पॉइंटाच्या अक्षरात साधारण २७० ते ३०० शब्द बसतात. ४५ हजार शब्दांची १६० च्या आसपास पानं होतात. प्रत्येक लेख नव्या पानावर सुरू करायचा, शिवाय शीर्षकपानं, मनोगत, अनुक्रमणिका. म्हणजे १७६ पानं, सोळापानी अकरा फॉर्म (एका मोठ्या कागदाची घडी घालून होणारी सोळा पानं म्हणजे एक फॉर्म). सत्तर हजार तसेच घातलेत तर पुस्तक पावणेतीनशेला भिडतं, किंमत चढते आणि वाचक मध्येच गळतो.

निवडीसाठी एक रीत करून बघा. सगळ्या लेखांचे पहिले परिच्छेद एका फाइलीत घ्या, शेवटचे दुसरीत, आणि सलग वाचा. निम्मे लेख पहाटेच्या गाडीने सुरू होतात आणि 'निरोप घेताना पाय निघेना' इथे संपतात, असं बहुधा दिसेल. सदरात दोन लेखांमध्ये आठवडा जातो, त्यामुळे ते खपतं. पुस्तकात तिसऱ्या लेखाला वाचक ओळखतो. पहिला परिच्छेद सरळ उडवून पाहा. पुष्कळदा लेख खरा सुरू होतो तो दुसऱ्यापासून. मग 'नयनरम्य', 'अविस्मरणीय', 'डोळ्यांचं पारणं फिटलं' हे शब्द फाइंड करून शोधा. जिथे सापडतील तिथे नेमकं काय दिसलं होतं ते लिहा. आठवत नसेल तर वाक्य काढून टाका.

सदरातले ७०० शब्दांचे तुकडे आणि दिवाळी अंकातले साडेतीन हजारांचे लेख आलटूनपालटून ठेवू नका, ठेच लागते. एकाच भागातले तीन-चार तुकडे मध्ये एक ओळ मोकळी सोडून एका शीर्षकाखाली आणा आणि 'गेल्या आठवड्यात आपण पाहिलं' हे सांधे काढा. हॉटेलचे दर, एसटीच्या वेळा वगळा. जुनं भाडं मात्र ठेवा, जर ते देताना समोरच्या माणसाने काही म्हटलं असेल तर.

क्रमाचं म्हणाल तर तारखांनी रोजनिशी होते आणि प्रांतांनी गाइडबुक. ताकदीचे दोन लेख सुरुवातीला, सर्वांत लांब लेख पुस्तकाचा एक-तृतीयांश भाग होतो त्याच्या आसपास, आणि एकसारखी दोन माणसं, म्हणजे दोन नावाडी किंवा दोन पुजारी, शेजारी येऊ द्यायची नाहीत. एवढं पाळलंत तर बाकीचे आपसूक जागेवर बसतात.

प्र. हिमाचलातल्या लाहौलवरचा माझा लेख अटल बोगद्याच्या आधीचा आहे. आता तो कालबाह्य ठरेल का? दुरुस्त करू? (ठाणे)

दुरुस्त करू नका. रोहतांग खिंडीखालचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. लांबी ९.०२ किलोमीटर, आणि मनाली ते लाहौलमधलं केलाँग हे अंतर ४६ किलोमीटरने घटलं. त्याआधी ३,९७८ मीटरवरची रोहतांग खिंड बर्फाने मिटली की लाहौल जवळजवळ सहा महिने तुटायचं. मग सरकारी हेलिकॉप्टरची वाट बघायची, नाहीतर चालत खिंड ओलांडायची. चालणाऱ्यांसाठी मढी आणि कोकसरला बचाव चौक्या असायच्या. तुमच्या लेखातली माणसं ऑक्टोबरात पीठ, रॉकेल, औषधं का साठवत होती, याचं उत्तर यातच आहे. वाक्यावाक्यात 'आता मात्र' घुसवलंत की लेख ना तेव्हाचा राहतो ना आताचा.

त्याऐवजी प्रवासाचं साल शीर्षकाखालीच छापा. ते लेखाच्या शेवटी गेलं की वाचक अख्खा लेख चुकीच्या काळात वाचतो. बोगद्याची माहिती लेख संपल्यावर तीन ओळींच्या टिपेत द्या. गावांच्या नावांनाही हेच लागू. २०१५च्या लेखात औरंगाबाद तसंच राहू द्या आणि २०२३मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाल्याची नोंद एकदाच, पुस्तकाच्या शेवटी करा. जुन्या मजकुरात हात घातला की पुढे कुणाला तरी तो निस्तरावा लागतो. गोडसे भटजींचं १८५७च्या धामधुमीतलं प्रवासवर्णन 'माझा प्रवास' १९०७मध्ये चिं. वि. वैद्यांनी फेरफार करून छापलं; मूळ मजकूर वाचकांपुढे यायला द. वा. पोतदारांची १९६६ची आवृत्ती यावी लागली.

प्र. लेख दैनिकात छापून आलेत. पुस्तकासाठी त्यांची परवानगी लागेल? (नागपूर)

तुम्ही बाहेरचे लेखक असाल आणि हक्क लेखी दिले नसतील तर लेख तुमचाच. नोकरीत असताना लिहिला असेल तरी कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार मालकाकडे जातो तो वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता हक्क; पुस्तकाचा तुमच्याकडे राहतो, नेमणुकीच्या करारात वेगळं काही नसेल तर. म्हणून आधी जुने कागद काढून वाचा. हक्क देणं सहीनिशी लेखीच व्हावं लागतं, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. लेखासोबतची चित्रं आणि दुसऱ्याने काढलेले फोटो ही निराळी बाब, त्यांची परवानगी वेगळी आणि लेखीच घ्या. 'पूर्वप्रसिद्धी' म्हणून अंकांची नावं द्यायला विसरू नका. कायद्यापेक्षा हा रीतीचा भाग आहे.

प्र. लेखांत होडीवाले, धाबेवाले, घरी ठेवून घेणारी कुटुंबं आहेत. खरी नावं ठेवू का? (पणजी)

विचारून ठेवा. आणि विचारायचं म्हणजे फोनवर तो परिच्छेद शब्दन् शब्द वाचून दाखवायचा. 'तुमच्यावर छान लिहिलंय' एवढं सांगून मिळवलेला होकार पुरेसा नाही.

होकार नसेल तर नुसतं नाव बदलून भागत नाही. 'त्या वाडीतल्या एकुलत्या एक रेशनदुकानदाराची धाकटी सून' असं लिहिल्यावर तिला सुमन म्हणा की कुसुम, पंचक्रोशीला कळतंच. खोटे तपशील घालायचे नाहीत, आहेत तेच सैल करायचे. वाडीऐवजी खोरं, रेशनच्या दुकानाऐवजी नुसतं दुकान. गाव, धंदा आणि नातं, या तिन्हींतल्या दोन गोष्टी सैल झाल्या की माणूस झाकला जातो. घरी गाळलेली दारू, परवान्याशिवाय ठेवलेले पाहुणे, परमिट नसताना पुढे नेणारा ड्रायव्हर, भावकीतला जमिनीचा दावा, हे लेखकाला रंगतदार वाटतं. चौकशी मात्र त्या माणसाच्या दारात येते.

आणखी एक खोड काढून टाका. लेखक शुद्ध मराठीत विचार करतो आणि समोरचा माणूस पानभर मोडक्या हिंदीत बोलतो, हे हशा मिळवण्यासाठी असेल तर वाईट दिसतं. त्याच्या बोलीतलं एखादं वाक्य जसंच्या तसं ठेवा, बाकीचं साध्या मराठीत सांगा.

प्र. जुन्या फाइली श्रीलिपीत (युनिकोडआधीच्या मराठी फॉन्टमध्ये) आहेत. युनिकोड केल्यावर गोंधळ होतोय. (कोल्हापूर)

होणारच. आधी एकच लेख बदला, छापील अंकाशी ताडून पाहा आणि चुकांची यादी करा; त्याच चुका पुढे सगळीकडे सापडतील. रफार एक अक्षर सरकतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच काही येतं, 'ॲ' गायब होतो. प्रवासवर्णनात सगळ्यांत घातक चूक 'ऱ्या'ची: सह्याद्रीतल्या दऱ्या बघताबघता दर्या होतात, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात काहीच वावगं दिसत नाही. पण 'र्या'चं सरसकट 'ऱ्या' करू नका, सूर्यास्ताचा सूऱ्यास्त होईल. एकेक शब्द बघूनच बदला.

प्र. नकाशा घालावा का? (नाशिक)

वाटेचं साधं रेखाटन घाला: नदी, घाट, मुक्कामाची गावं. देशाची सीमा दाखवायची असेल तर ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाबरहुकूमच हवी. चुकीची सीमा छापणं हा १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि परदेशी संकेतस्थळांवरून उचललेल्या नकाशात काश्मीरपाशी नेमकी तीच चूक असते.

प्र. स्वतःच छापायचं ठरवलंय. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) कुठे मिळतो? (पुणे)

राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करा, शुल्क नाही. छापील प्रत आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. मुखपृष्ठ छपाईला देण्याआधी क्रमांक हातात हवा, नाहीतर मलपृष्ठावर बारकोडचं स्टिकर चिकटवत बसाल. प्रकाशक तुम्हीच, त्यामुळे १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याची जबाबदारीही तुमचीच. प्रसिद्धीपासून ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमरा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी, प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची. पोस्टाच्या पावत्या जपून ठेवा.