पहिल्या सोनोग्राफीपर्यंतचे दिवस

प्रश्न : आयव्हीएफनंतर (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारानंतर) माझी बीटा एचसीजी चाचणी, म्हणजे गर्भधारणेची रक्तचाचणी, पॉझिटिव्ह आली असून पहिली सोनोग्राफी दोन आठवड्यांनी आहे. काल तपकिरी डाग दिसला, तेव्हापासून मी पलंगावरून उठलेले नाही. सासूबाईंना बातमी सांगावी का, हेही कळत नाही.

उत्तर : इतक्या प्रतीक्षेनंतर आनंदावर विश्वास ठेवायचीही भीती वाटावी, हे स्वाभाविक आहे. तपकिरी डाग म्हणजे बहुधा जुने रक्त असते. सुरुवातीच्या आठवड्यांत तो अनेकींना दिसतो आणि पुढे गर्भारपण सुरळीत पार पडते. तरीही डॉक्टरांना आजच कळवा आणि त्यांना विचारल्याशिवाय प्रोजेस्टेरॉनची (गर्भाला आधार देणाऱ्या संप्रेरकाची) एकही मात्रा चुकवू नका. पडून राहिल्याने गर्भपात टळतो, याला पुरावा नाही. तेव्हा उठा, नेहमीची हलकी कामे करा. घरी रोज लघवीची चाचणी करत असाल तर ती मात्र थांबवा, कारण रेघेच्या गडद-फिकेपणावरून गर्भाची वाढ कळत नाही. तिचा अंदाज 48 तासांच्या अंतराने केलेल्या रक्तचाचण्यांतून येतो आणि अधिक खात्री सहाव्या-सातव्या आठवड्यातील सोनोग्राफीतून होते. पोटात एका बाजूला तीव्र कळा, खांदेदुखी, भोवळ किंवा पॅड भिजवणारा रक्तस्राव यांपैकी काहीही झाल्यास मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठा, कारण गर्भ गर्भनलिकेत रुजला नाही ना, हे तातडीने पाहावे लागते.

तिसरा महिना सरेपर्यंत न सांगण्याची आपल्याकडची रीत पाळायची की नाही, हे तुमच्या हाती आहे. मला विचाराल तर, वाईट बातमी आली तरी ज्यांच्याजवळ मोकळेपणाने रडता येईल, त्यांना आजच सांगा. त्या सासूबाई असतील तर फारच उत्तम.