सेमाग्लुटाइड बंद केलं तरी उलट्या का थांबत नाहीत

तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं डोळ्यासमोर आलं. तुम्हाला दुसऱ्याच आठवड्यात सेमाग्लुटाइड (वजन आणि शुगर उतरवायचं इंजेक्शन) ०.२५ वरून ०.५ मिलिग्रॅमवर नेलं, उलट्या सुरू झाल्या आणि आता क्लिनिकवाले म्हणतायत पुढचं इंजेक्शन घेऊ नका, एक-दोन दिवसांत बरं वाटेल. मी डॉक्टर नाही, आधीच सांगते, पण हे "एक-दोन दिवसांत" मलाही ऐकवलं होतं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

अहो, आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध आहे ते, दोन दिवसांत कसं उतरेल! आपल्या आतड्यातून जेवणानंतर सुटणारं जीएलपी-१ हे हार्मोन दोनेक मिनिटांत मोडून जातं. सेमाग्लुटाइड ही त्याचीच नक्कल, पण त्याला फॅटी अ‍ॅसिडची साखळी जोडलीय, ती रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून राहते, त्यामुळे निम्मं औषध जायलाच आठवडा लागतो, सगळं जायला पाचेक आठवडे धरा. याच जातीचं दुसरं औषध, लिराग्लुटाइड, रोज टोचायचं असतं, ते १३ तासांत निम्मं होतं, तो हिशोब इथे चालत नाही. आणि चढतानाही तेच, त्याच ०.२५ वर राहिलात तरी चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत रक्तातलं प्रमाण वाढतच असतं. म्हणून तर डोसची प्रत्येक पायरी चार आठवड्यांची. ०.२५ शरीराला सवय व्हावी म्हणून असतं, वजन उतरवायला नाही!

माझ्या क्लिनिकमध्ये "काटा हलला नाही" म्हणून काउन्सेलरनेच डोस वाढवला. पॅकेज विकेपर्यंत रोज फोन, आणि फोडणीच्या नुसत्या वासाने ढवळायला लागलं, दोन चमचे दहीभात तासन्‌तास छातीशीच अडकून, तेव्हा "मॅडम, मेसेज टाकून ठेवा, डॉक्टर बघतील". पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण खरं सांगितलं असतं तर निदान मनाची तयारी झाली असती.

माझं मत, पटलं तर घ्या: पॅकेजवालं क्लिनिक सोडा, आजच एखाद्या एमडी फिजिशियनला किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरांना) दाखवा. तोवर ओआरएस घोट घोट. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल तर थांबू नका, किडनीवर येतं. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून कळ पाठीत जात असेल तर थेट कॅज्युअल्टी, स्वादुपिंडाला सूज असू शकते. शुगरसाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर तेही लगेच सांगा, खाणं एवढं कमी झाल्यावर शुगर खाली जाते.

आणि हो, एंडोस्कोपी करायची म्हणाले तर शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं ते भूल देणाऱ्यांना आवर्जून सांगा, पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे नेहमीएवढं उपाशी राहून पुरेलच असं नाही. इंजेक्शनचं उरलेलं पेन फ्रीजमध्येच ठेवा, २ ते ८ डिग्रीत, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको, एकदा गोठलं की ते वापरायचं नाही.