एकाच दुकानातले दोन तवे

प्रश्न : काकू, आमच्या सासूबाई माळकरी आहेत. म्हणून अंड्याचा तवा वेगळा, तो घरात येत नाही. अंगणातल्या सपरीत चूल आहे, तिथंच मी, हे आणि दीर महिन्यातून दोन-तीनदा भुर्जी करून खातो. तवा लोखंडी, खोलगट आहे. पण दर वेळी चार अंड्यांतलं एक तव्यालाच लागून राहते. तेल वाढवून पाहिलं, जाळ कमी करून पाहिला. सासूबाईंचा धिरड्याचा तवा त्याच दुकानातून, त्याच दिवशी घेतलेला, त्याला काही म्हणजे काही चिकटत नाही. दीर म्हणतात, नॉनस्टिक आणू. आणू का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नॉनस्टिक राहू दे बाई. तुझ्या चुलीत पऱ्हाट्या नाही तर तुराट्याच जळत असतील. त्यांचा जाळ भसकन उठतो, अन् रिकामा तवा बघता बघता लालबुंद व्हायला येतो. नॉनस्टिकचा तो काळा लेप २६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतो, धूर सोडतो. त्यात तुमचा लोखंडी सराटा. चार महिन्यांत पापुद्रे निघतील.

आता तुझ्या तव्याचं. सासूबाईंचा तवा रोज चुलीवर चढतो, रोज त्याला तेलाचा हात लागतो. तुझा तवा दोन आठवडे खुंटीला. पावसाळ्यात सपरीत ओल, श्रावणात तर महिनाभर त्याला कोणी विचारत नाही; एकदम पोळ्याच्या करीला खाली उतरतो. तोवर जंग चढलेला. मग तू तो राखेनं खसाखसा घासत असशील, चकचकीत होईपर्यंत. तिथंच सगळं बिघडते. लोखंड दिसायला गुळगुळीत, पण त्याला बारीक खड्डे असतात. तेल तापून त्या खड्ड्यांत मुरते, घट्ट होते, त्याचा काळा थर बसतो. राख ही खारी, ती हा थर खरवडून काढते. उघड्या लोखंडावर पातळ अंडं ओतलं की ते खड्ड्यांत उतरते आणि तिथंच गोठते. पांढरं ६२-६५ अंशांच्या आसपासच गोठायला लागते, हे मला माझ्या पोरीनं सांगितलं, ती शाळेत विज्ञान शिकवते. म्हणजे पाणी उकळायच्या कितीतरी आधी. त्याला तव्याला धरून बसायला वेळ लागत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमची एस.टी. स्टँडसमोर अठरा वर्षं भुर्जीची गाडी होती. हे तव्यापाशी, मी मागं स्टुलावर कांदा चिरत. तो तवा आम्ही कधी साबणानं धुतला नाही. एकदा भाच्याच्या लग्नाला आठ दिवस गाडी बंद ठेवली, आणि जायच्या आधी मी हौसेनं तवा साबणाच्या पावडरीनं धुऊन, घासून, पालथा घालून गेले. परत आल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाची भुर्जी अशी लागली की सराट्यानं खरवडताना तव्याचा आवाज रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत गेला. ह्यांनी मला काही म्हटलं नाही. नुसतं पाहिलं.

तेव्हा आधी तवा पुन्हा तयार कर. जंग आहे तेवढी या एकदाच घासून काढ, धू, आणि लगेच चुलीवर पार कोरडा कर. मग तेल. घाणीवरचं खायचं जवसाचं तेल मिळालं तर उत्तमच. जवसाचं तेल वाळून कडक होते, म्हणून तर सुतार ते लाकडाला लावतात. मात्र हार्डवेअरच्या दुकानातलं बेलतेल, म्हणजे रंगकामाचं जवसाचं तेल, आणू नको, त्यात दुसरंही काही घातलेलं असते, ते पोटात जायचं नाही. जवस नसेल तर सोयाबीनचं चालते. फडक्यानं आत-बाहेर चोळायचं, आणि मग कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं, जणू चुकून लावलं होतं. हे पुसणं कोणी करत नाही. जाड लावलं की तवा काळा न होता चिकट होतो, मधासारखा. मग धूर निघेपर्यंत तापव, धूर थांबला की उतरव, थंड होऊ दे. असं चार वेळा. दुपारी जाळ लागलेलाच असला की बसून करायचं काम आहे.

भुर्जी करताना तुझी दुसरी एक चूक होत असेल, बहुतेकांची होते. कांदा, मिरची, टमाटर परतून झालं की त्या ओलसर मसाल्यावरच अंडी फोडायची. टमाटरचं पाणी आटलेलं नसते, तवा थंडावलेला असतो, आणि अंडं त्या पाण्यातून खाली जाऊन बसते. आम्ही गाडीवर काय करत होतो, सांगते. मसाला तेल सोडेपर्यंत परतायचा, मग सराट्यानं कडेला सारायचा, तव्याचा मध्य मोकळा. त्या मोकळ्या जागेत चमचाभर तेल. तेलावर बारीक लाटा दिसल्या की तिथं फेटलेली अंडी. आणि मग हात बांधून ठेवायचा! दहापर्यंत आकडे मोज. खालचं अंडं गोठून आपणच तव्याला सोडते. तू आधीच ढवळलंस की ते अर्धं कच्चं तव्याला पसरते. दहा झाले की कडेनं सराटा घालून मोठे घड उलटव, मग मसाला मिसळ, अन् वरचं ओलं आहे तोवर पऱ्हाट्या चुलीबाहेर ओढ. राहिलेलं तव्याच्या उष्णतेवर होते. सांभार, म्हणजे कोथिंबीर, वरून, शेवटी.

टमाटर मात्र पहिले दोन-तीन महिने टाळ. आंबट पदार्थ नवा थर खातो. भुर्जी कांद्याचीच कर, तिखट जरा हात सोडून घाल, दीर नाव ठेवणार नाहीत.

झाल्यावर तवा गरम असतानाच पाणी ओत, सराट्यानं हलकं खरवड, नारळाच्या काथ्यानं पूस. राख नाही, साबण नाही. चुलीवर सुकव, तेलाचा पुसट हात दे, आणि खुंटीला टांगण्याऐवजी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेव. श्रावणातसुद्धा आठवड्याला एकदा नुसता तापवून तेल पूस. अंड्याचा तवा तापवला म्हणून श्रावण मोडत नाही. तरी सासूबाईंना आधी विचारून घे. विचारलं की त्याच सांगतील, धिरड्याचं पहिलं कसं नेहमी चिकटते आणि त्या ते कोणाला देतात.